कारणांची यादी आणि कारणांचा निबंध

राज्य मंडळाच्या शाळेतले मूल दहावीपर्यंत पोचते तोवर कारणे सांगण्याचा त्याला चांगलाच सराव झालेला असतो. विज्ञानात ‘शास्त्रीय कारणे लिहा’, भूगोलात ‘भौगोलिक कारणे लिहा’, इतिहासात ‘पुढील विधाने सकारण स्पष्ट करा’ हे प्रश्न वर्षानुवर्षे त्याच्यासमोर येतात. एवढ्या तयारीनंतर ‘वाढते शहर : कारणे आणि परिणाम’ असा विषय पडला तर लेखणी झरझर चालावी. ती चालतेही, पण हाती लागते ती यादी. लोकसंख्यावाढ, बेरोजगारी, शिक्षणाचा अभाव, भ्रष्टाचार आणि लोकांची उदासीनता ही पाच कारणे कुठल्याही विषयाला चालतात, आणि ‘आपण सर्वांनी जागरूक झाले पाहिजे’ हा समारोपही कुठेही चालतो. याचा दोष मुलांच्या आळसावर टाकणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. ‘कारणे लिहा’ या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात आधीच ठरलेले असते. एक विधान, त्याचे एक कारण, दोन-तीन वाक्यांत काम फत्ते. त्या कारणाला कुणी प्रतिस्पर्धी नसतो, त्यावर संशय घ्यायची मुभा नसते. निबंधात मात्र कारणे अनेक असतात, काही खरी, काही खरी वाटणारी, काही खरी पण बिनमहत्त्वाची. आणि त्यांच्यातला निवाडा लिहिणाऱ्यालाच करायचा असतो. कार्यकारणाच्या निबंधाची आखणी म्हणजे मुद्दे जमवून ओळीने लावणे, अशी आपली समजूत झाली आहे. प्रत्यक्षात आखणीचा बराचसा वेळ जमवलेल्या मुद्द्यांतले कच्चे मुद्दे गाळण्यात गेला पाहिजे. कोणते कारण गाळले आणि का गाळले हे ज्याला सांगता येते त्याचाच निबंध उभा राहतो, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आखणीसाठी विद्यार्थ्यांना आज काय सुचवले जाते ते आधी पाहू. आपल्याकडची सर्वांत जुनी आणि टिकलेली रीत म्हणजे मुद्द्यांवरून निबंध : फळ्यावर सहा-सात शब्द द्यायचे आणि मुलांनी ते वाक्यांत गुंफायचे. त्याच्या जोडीला प्रस्तावना, मुख्य भाग आणि समारोप हा तिहेरी साचा. नव्या पाठ्यपुस्तकांत ओघतक्ता आणि आकृतिबंध आले, शिक्षकांच्या प्रशिक्षणातून मनोनकाशा आला. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयांत या निबंधाच्या तीन आकृत्या शिकवतात : एका परिणामाची अनेक कारणे, एका कारणाचे अनेक परिणाम, आणि एकातून दुसरे उद्भवणारी साखळी. व्यवस्थापनाच्या वर्गांतून जपानी कारखान्यांची दोन साधने शाळांपर्यंत आली आहेत. एक, काओरू इशिकावा यांची माशाच्या काट्यासारखी आकृती. दुसरे, टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी रुजवलेली सलग पाच वेळा ‘का?’ विचारण्याची सवय. या सगळ्यांचा उपयोग आहे. मुद्दे आठवतात, विखुरलेले जवळ येतात, वाचणाऱ्याला दिशा मिळते. पण माशाच्या काट्यावर खरे कारण आणि खोटे कारण सारखेच शोभून दिसते. ओघतक्त्यातला बाण काढायला काही पुरावा लागत नाही, पेन्सिल पुरते. पाच वेळा ‘का’ विचारताना प्रत्येक पायरीवर एकच उत्तर घेतले तर पाचव्या पायरीवर माणूस आपल्या आवडत्या पूर्वग्रहापाशीच पोचतो. साधनांची वाण नाही. त्या साधनांवर मांडलेला मुद्दा पारखायचा कसा, एवढेच शिकवायचे राहून गेले आहे.

ही पारख कशी होते ते एका ठोस विषयावर करून पाहावे. मीरा-भाईंदरच्या विद्यार्थ्याला ‘आमचे शहर एवढे का वाढले?’ हा विषय दिला आहे असे समजू. तो विषय त्याच्या दारातला असल्याने मुद्दे भराभर सुचतात : रेल्वे आहे, मुंबई जवळ आहे, घरे स्वस्त होती, महापालिका आली, बाहेरगावचे लोक आले. इथे लिहायला घाई करणाऱ्याने एक प्रश्न आधीच गमावलेला असतो, तो म्हणजे वाढले म्हणजे कधी आणि किती. जनगणनेनुसार १९९१ मध्ये इथली लोकसंख्या सुमारे १ लाख ७५ हजार होती, २००१ मध्ये ५ लाख २० हजार झाली आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. पहिल्या दशकात शहर जवळजवळ तिप्पट झाले, दुसऱ्यात दीडपटीहून थोडे अधिक. माणसांच्या संख्येत पाहिले तर पहिल्या दशकात साडेतीन लाखांच्या आसपास भर पडली आणि दुसऱ्यात तीन लाखांच्या आसपास. टक्केवारी धरली तर वाढीचा वेग एकदम मंदावला असे म्हणावे लागते, माणसे मोजली तर ओघ थोडासाच ओसरला असे दिसते. दोन्ही विधाने खरी आहेत, पण प्रत्येकाचे कारण निराळे शोधावे लागेल. आखणीच्या कागदावर पहिली ओळ म्हणून कारण लिहू नये, परिणाम लिहावा, आणि तोही काळ, जागा आणि मापासह. ‘शहर वाढले’ या वाक्याला शंभर कारणे चिकटतात. ‘१९९१ ते २००१ या दहा वर्षांत मीरा-भाईंदरची लोकसंख्या जवळपास तिप्पट झाली’ या वाक्याला थोडीच चिकटतात, आणि त्यामुळे अर्धे काम तिथेच होते.

आता एकेक कारण या वाक्यासमोर उभे करावे. रेल्वे हे सगळ्यांच्या यादीत पहिले असते. पण विरारहून मुंबईला उपनगरी गाडी १८६७ मध्येच सुरू झाली आणि या मार्गाचे विद्युतीकरण १९३६ मध्ये विरारपर्यंत पोचले. जी सोय शंभराहून अधिक वर्षे होती तिने शहर १९९० च्या दशकातच का फुगवावे? जे कायम होते ते बदलाचे कारण म्हणून एकटे पुरत नाही. रेल्वे नसती तर ही वाढ झाली नसती हे मान्य, पण रेल्वे होती म्हणून तेव्हाच झाली असे म्हणता येत नाही. तिला कारणाऐवजी आवश्यक परिस्थितीची जागा द्यावी लागते. महापालिकेचे प्रकरण याच्या उलट आहे. नगरपरिषद १९८५ मध्ये स्थापन झाली, महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी. तिप्पट वाढ आधी होऊन गेली आणि महापालिका नंतर आली, म्हणजे १९९१ ते २००१ च्या वाढीचे ती कारण असू शकत नाही. उलट ती त्या वाढीचाच परिणाम आहे. नगरपरिषदेबाबत निकाल इतका सरळ लागत नाही, कारण वस्ती वाढू लागल्याने ती स्थापन झाली आणि ती स्थापन झाल्याने पुढच्या वस्तीची सोय झाली असे दोन्ही बाजूंनी म्हणता येते. तारखा शेजारी लिहिल्या तर एवढा उलगडा पाच मिनिटांत होतो. त्या न लिहिता निबंध लिहिला तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि दोष कावळ्याच्या माथी जातो.

उरलेली कारणे मुंबईच्या बाजूला आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली आणि भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधण्यात पैसा घालणे परवडेनासे झाले. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याने मोकळ्या जमिनींचे व्यवहार अडकले. तो कायदा महाराष्ट्राने रद्द केला तो २००७ मध्ये. नोकरदार कुटुंबाला मुंबईत घर घेणे आवाक्याबाहेर गेले, आणि दहिसरच्या पलीकडे मिठागरे, शेती आणि गावठाणांच्या आसपासची जमीन उपलब्ध होती. हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे, पण ते तपासायचे कसे? इथे शेजारी पाहावे लागतात. खाडीपलीकडचे वसई-विरारही याच काळात झपाट्याने वाढले आणि २०११ मध्ये १२ लाखांवर गेले. म्हणजे वाढीचे मुख्य कारण केवळ मीरा-भाईंदरच्या स्थानिक राजकारणात किंवा एखाद्या बिल्डरच्या धडाडीत शोधणे चुकीचे ठरेल, कारण ती गोष्ट शेजारी नसताना परिणाम मात्र तिथेही दिसतो. दुसऱ्या टोकाला मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधल्या ३३ लाख ३८ हजारांवरून २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर उतरली. एकीकडे घट, दुसरीकडे भर, हे चित्र जुळते. तरीही काळजी घ्यावी लागते, कारण दक्षिण मुंबई सोडलेली माणसेच मीरा-भाईंदरला आली हे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. हाच दुवा १९८२ च्या गिरणी संपाबाबत तुटतो. संप मोठा होता, काळही जुळतो, म्हणून मुलांच्या निबंधात तो हमखास येतो. पण काम गेलेला कामगार गावी गेला, कल्याण-डोंबिवलीला गेला, की भाईंदरला आला, हे दाखवणारे काही हाती नसेल तर त्याला शक्यता म्हणून एका ओळीपलीकडे जागा देऊ नये. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून काही मुस्लिम कुटुंबे मीरा रोडला आली, हे कारण खरे आहे. मात्र ते कोण आले याचा एक भाग उलगडते, एकूण किती आले याचा नाही. अशा रीतीने पाच-सहा मुद्द्यांची यादी एका मुख्य कारणावर, दोन साहाय्यक कारणांवर आणि एका आवश्यक परिस्थितीवर येते. निबंधाचा सांगाडा यापेक्षा वेगळा शोधावा लागत नाही.

गाळण्याची ही रीत काही नवी नाही, आणि ती पाश्चात्त्यांकडूनच घ्यायला हवी असेही नाही. न्यायशास्त्रावरच्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त कार्याच्या आधी नेमाने असणारे ते कारण अशी व्याख्या येते, पण नुसते आधी असणे नैयायिकांना पुरत नाही. घडा घडण्याआधी कुंभाराकडे माती वाहून आणणारे गाढवही असतेच. तेवढ्यावरून ते घड्याचे कारण ठरत नाही. ज्याच्यावाचून कार्याचे काही अडत नाही अशा गोष्टींना त्यांनी ‘अन्यथासिद्ध’ म्हणून बाजूला काढले आणि त्यांचे प्रकारही पाडले. म्हणजे कारणाचा विचार करताना काय वगळायचे याचे शास्त्र आपल्याकडे होते. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला : परिणाम जिथे जिथे आहे तिथे समान काय, आणि परिणाम आहे नि नाही अशा दोन जवळपास सारख्या प्रसंगांत फरक काय. वर वसई-विरार आणि मुंबई शहराशी जी तुलना केली ती मिलचीच पद्धत. पुढे १९६५ मध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी रोग आणि त्याचे कारण यांचा संबंध जोखण्यासाठी नऊ निकष मांडले. त्यांतही काळाचा क्रम, संबंधाची ताकद, निरनिराळ्या ठिकाणी तेच दिसणे असे निकष आहेत, आणि ते यांत्रिक नियम म्हणून वापरू नयेत असे त्यांनी स्वतःच बजावले होते. तीन परंपरा, तीन काळ, पण रोख एकच : आधी संशय, मग स्वीकार. शाळेतल्या आखणीच्या सल्ल्यात नेमका हाच भाग गळला आहे.

मराठी गद्यातही याचा मोठा नमुना आहे. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभी विद्येच्या अभावापासून शूद्रांच्या खचण्यापर्यंतची एक साखळी येते आणि सगळ्या अनर्थाचे मूळ अविद्येत दाखवले जाते. त्या ओळी सर्वांना पाठ असतात. शाळकरी निबंधांत त्या अवतरण म्हणूनही येतात. पण फुले तिथे थांबले असते तर ती घोषणा ठरली असती. त्यांनी पुढची पाच प्रकरणे खर्ची घातली ती साखळीतला एकेक दुवा भरण्यासाठी. धर्मविधींच्या नावाखाली होणारी नाडवणूक, कचेऱ्यांतले सरकारी नोकर, शेतसारा, कज्जेदलाली, आणि जंगलखात्याने चराऊ राने ताब्यात घेतल्याने गुराढोरांवर आलेली पाळी असे मधले टप्पे त्यांनी दाखवले. अविद्या आणि दारिद्र्य यांच्यामध्ये नेमके काय घडते हे वाचणाऱ्याला दिसत जाते. त्यांचे निष्कर्ष सर्वांना पटोत वा न पटोत, त्यांच्याशी वाद घालायचा तर अमुक दुव्यावर बोट ठेवावे लागते. निबंधाची साखळी अशी असावी की विरोधकाला ती कुठे तोडायची हे कळावे. जिथे तोडायला दुवाच सापडत नाही ते लेखन पक्के नसते, मोघम असते.

साखळी आखताना विद्यार्थ्यांना सर्वांत अडखळायला लावणारी गोष्ट म्हणजे निमित्त आणि मूळ यांतला फरक. मुंबईतल्या २६ जुलै २००५ च्या महापुराचा निबंध घ्या. त्या दिवशी सकाळी साडेआठपासूनच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्याला अवघा ७३. ‘पाऊस जास्त पडला म्हणून पूर आला’ हे विधान चुकीचे नाही, पण तेवढ्यावर निबंध संपत नाही. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, तीही ओहोटीच्या वेळी, बेतलेली होती. एवढा पाऊस कोणत्याही व्यवस्थेने पेलला नसता असे कुणी म्हणेल, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण मग पुढचा प्रश्न विचारता येतो : त्याहून कितीतरी कमी पावसात, भरतीच्या वेळी, दरवर्षी पाणी का तुंबते? तिथे पावसाचे निमित्त बाजूला पडते आणि बुजलेले नाले, पात्रात आलेली बांधकामे, खारफुटीची हानी, मिठागरांच्या सखल जमिनीवर चढलेली वस्ती ही मूळ कारणे पुढे येतात. तिन्ही बाजूंनी खाडी-समुद्राने वेढलेल्या मीरा-भाईंदरला हा दुसरा प्रश्नच अधिक लागू आहे. इतिहासात याच फरकाने पानिपताची उत्तरे सुधारतील. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव पडले हे फळी फुटण्याचे निमित्त. रसद तुटून उपासमारीने त्या दिवशी लढावे लागले हे निकटचे कारण. आणि उत्तरेत भरवशाचा मित्र उरला नव्हता हे दूरचे. तिन्ही एकाच ओळीत १, २, ३ असे लिहिणे म्हणजे निवाडा टाळणे. आखणीच्या कागदावर निमित्त, निकटचे आणि दूरचे असे तीन रकाने आखले की मुद्दे आपापल्या जागी बसतात, आणि जे कशातच बसत नाहीत त्यांची गच्छंती होते.

परिणामांच्या निबंधाची अडचण वेगळी आहे. कारणे मागे जाताना निमुळती करता येतात, परिणाम पुढे जाताना पसरतच जातात. लोकसंख्या वाढल्याने पाणी कमी पडले, गाड्यांना गर्दी झाली, कचरा वाढला, शाळा भरल्या, भाडी चढली, आणि मग प्रत्येकाचा पुन्हा परिणाम. इथे मर्यादा घालण्याचा निकष परिणामाच्या आकारावरून न ठरवता तो कुणाच्या वाट्याला आला यावरून ठरवला, तर निबंधाला धार येते. मीरा-भाईंदरला मोठा स्वतःचा जलस्रोत नाही. ‘स्टेम’ ही पाणीपुरवठा संस्था आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडून पाणी येते, आणि सूर्या प्रकल्पातून दररोज २१८ दशलक्ष लिटर पाण्याची योजना आखली गेली. म्हणजे इथल्या वाढीचा एक परिणाम पालघर जिल्ह्यातल्या धरणापर्यंत पोचतो. कचऱ्याचा परिणाम शहराच्या दुसऱ्या टोकाला, उत्तनकडे जातो. तिथल्या मच्छीमार आणि शेतकरी वस्त्यांनी घनकचरा प्रकल्पाविरुद्ध अनेकदा आवाज उठवला आहे. इमारती एकीकडे आणि कचऱ्याची दुर्गंधी दुसरीकडे, ही वाटणी ज्या निबंधात दिसते तो ‘प्रदूषण वाढते, आरोग्य बिघडते’ या छापाच्या पुढे गेलेला असतो. परिणाम निवडताना तीन प्रश्न पुरतात : तो थेट आहे की मधल्या दुव्यातून आलेला, आज दिसतो की दहा वर्षांनी, आणि त्याची किंमत कोण मोजते.

काही विषयांत मात्र कारण कुठले आणि परिणाम कुठला हेच ठरत नाही, आणि अशा वेळी तसे मोकळेपणाने मांडणे हीच चांगली आखणी. मराठी शाळांचा पट का घसरतो हा तसा विषय. पालक इंग्रजी माध्यमाकडे वळले म्हणून पट घसरला. पट घसरला म्हणून तुकड्या आणि शिक्षक कमी झाले, आणि शिक्षक कमी झाल्याने उरलेले पालकही वळले. हे चक्र आहे, सरळ रेष नाही. विद्यार्थी सहसा घाबरून एकच बाजू घेतो, कधी पालकांना दोष देतो तर कधी सरकारला. त्याऐवजी चक्र मांडून ते कुठे फिरायला लागले आणि कुठे तोडता येईल हे दोन प्रश्न घेतले तर निबंध आपोआप दोन भागांत पडतो. राज्याने २०२० मध्ये सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. तो या चक्राचा कोणता दुवा तोडतो? इंग्रजी शाळेतल्या मुलाला मराठी विषय मिळतो, पण मराठी माध्यमाच्या शाळेचा पट त्यातून वाढतोच असे नाही. उपाय आणि कारण यांचा सांधा जुळतो का, हे तपासल्याशिवाय निबंधाच्या शेवटी उपाययोजना लिहू नये. आपल्या निबंधांतले बहुतेक समारोप इथेच फसतात : कारण एक सांगितलेले असते आणि उपाय भलत्याच दुखण्यावर असतो.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप वेळेचा येणार, आणि तो रास्त आहे. दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत ८० गुण आणि तीन तास असतात, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे. वैचारिक लेखनाला ८ गुण धरले तर १८ मिनिटे हाताशी येतात. त्यांत नैयायिक आणि मिल कुठून बसवायचे? पण १८ पैकी चार मिनिटे आखणीला देता येतात, आणि त्या चार मिनिटांत करायचे ते थोडकेच आहे : परिणाम एका वाक्यात लिहायचा, चार कारणे टिपायची, दोन खोडायची, उरलेल्या दोनमध्ये कुठले मोठे ते ठरवायचे. पाच कारणांना प्रत्येकी एक वाक्य देण्यापेक्षा दोन कारणांना प्रत्येकी तीन-चार वाक्ये देणे शब्दमर्यादेतही बसते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या निबंधाच्या पेपरात तीन तासांत दोन निबंध लिहायचे असतात. तिथे अर्धा तास आखणीत गेला तरी तोटा नाही, कारण एवढ्या लांबीचा निबंध नुसत्या यादीवर तग धरत नाही.

दुसरा आक्षेप परीक्षकाचा. तपासणारा मुद्दे मोजतो, मग मुलाने गाळावे कशाला? गठ्ठ्यामागून गठ्ठा तपासताना मुद्दे मोजणे सोयीचे असते यात शंका नाही. पण सगळ्यांच्या उत्तरांत तेच पाच मुद्दे असतील तर वेगळेपण मुद्द्यांच्या संख्येतून येणार नाही. आणि इथे एक नवी परिस्थिती उभी राहिली आहे. पूर्वी यादीसाठी गाईड लागायचे, आता फोनवर विचारले की कुठल्याही विषयाची दहा कारणे क्षणात मिळतात. यादी इतकी स्वस्त झाल्यावर यादीला गुण देणे फार काळ चालण्यासारखे नाही. दहापैकी या शहराला, या दशकाला कोणती लागू आणि कोणती नाही, हे ठरवण्याचे काम लिहिणाऱ्याकडेच उरते.

तिसरा आक्षेप साहित्यप्रेमींचा आहे. निबंधाला असे तर्काच्या खुंटीला बांधले की त्यातली सहजता जाते, असे ते म्हणतील. ललित निबंधाबाबत हे खरे असू शकते. पण मराठी निबंधाची दुसरी, वादविवेचनाची परंपराही तितकीच सकस आहे : लोकहितवादींची ‘प्रभाकर’मधली पत्रे, १८७४ पासूनची चिपळूणकरांची ‘निबंधमाला’, आगरकरांचे ‘सुधारका’तले लेख. या लेखनात ओघ आहे, आवेश आहे, प्रसंगी उपहासही आहे, आणि तो ओघ मुद्द्यांच्या बांधणीतूनच येतो. पुढे काय म्हणायचे हे ठाऊक असलेल्यालाच वाक्य मोकळे सोडता येते. चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे : पंधरा वर्षांच्या मुलाने पुरावा आणायचा कुठून, आणि नाही मिळाला तर तो आकडे रचणार नाही का? ही भीती खरी आहे. त्यावर उतारा असा की पुरावा म्हणजे आकडाच असे मुलाला वाटू देऊ नये. दोन घटनांच्या तारखा, शेजारच्या गावाशी तुलना, डोळ्यांना दिसणारी वाटणी हेही पुरावेच आहेत. आणि जिथे काहीच नाही तिथे ‘असे असावे’ एवढेच लिहिणे हा कमीपणा नाही. रचलेल्या टक्केवारीपेक्षा मोजूनमापून केलेले विधान अधिक भरवशाचे असते, आणि हे परीक्षकानेही मानले पाहिजे.

शेवटचा आक्षेप तत्त्वाचा. जगात सगळे सगळ्याशी गुंतलेले असते. त्यातून दोन कारणे उचलून बाकीची खोडणे म्हणजे वास्तव सोपे करून सांगणे नव्हे काय? सोपे करणे होतेच. प्रश्न एवढाच की ते उघडपणे केले आहे की लपून. सगळी कारणे मोजणाऱ्या निबंधातही निवड असते, फक्त ती मान्य केलेली नसते. अमुक कारण या कारणासाठी वगळले असे लिहिणारा वाचकाला आपली चूक काढण्याची संधी देतो, आणि यादी लिहिणारा ती देत नाही. गुंतागुंतीचा आदर करायचा तर ती कुठे आणि किती सोडून दिली हे सांगावे लागते.

म्हणून बदल करायचा असेल तर नवे साचे आणण्याची गरज नाही. ‘कारणे लिहा’ या रोजच्या प्रश्नाला एक शेपूट जोडले तरी पुरेल : ‘यांतले एक कारण वगळा आणि का वगळले ते लिहा.’ भूगोलाच्या तासाला, इतिहासाच्या तासाला, मराठीच्या तासाला हाच प्रश्न वेगवेगळ्या विषयांवर आला की पाचवी ते दहावी या सहा वर्षांत तो अंगवळणी पडेल. त्याचा उपयोग परीक्षेपुरता उरणार नाही. मीरा-भाईंदरसारख्या, निरनिराळ्या प्रांतांतून आणि भाषांतून आलेल्या माणसांच्या शहरात पाणी, लोकल, कचरा यांतल्या प्रत्येक त्रासाला एकच कारण पुढे केले जाते, आणि ते कारण बहुधा कुणीतरी ‘दुसरी’ माणसे असतात. शाळेत कारणे खोडायला शिकलेला मुलगा किंवा मुलगी अठराव्या वर्षी मतदार होईल तेव्हा असे एकच कारण ऐकल्यावर तारीख विचारेल, शेजारच्या गावात काय झाले ते विचारेल आणि मधला दुवा मागेल. निबंधाच्या वहीत हा सराव झालेला नसेल तर तो पुढे इतरत्र कुठे होण्याची शक्यता फारशी नाही.